एकाच नेटवर्क पोर्टच्या जुन्या पीसीवर घरचं फायरवॉल राउटर

फायरवॉल राउटर करायचा तर पीसीला दोन नेटवर्क पोर्ट हवेतच, असं बहुतेकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. एक पोर्ट बाहेरच्या नेटला, दुसरा घराला. ऑफिसांतून निघालेले जे छोटे पीसी सेकंडहँड बाजारात सहज मिळतात, म्हणजे डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, एचपीचा एलिटडेस्क मिनी, त्यांना साधारणपणे एकच पोर्ट असतो आणि आत दुसरं कार्ड बसवायला जागा नसते. मग लोक तो नाद सोडून देतात. सोडू नका. पाच पोर्टचा एक स्वस्त स्मार्ट स्विच (केबलने आलेली उपकरणं एकमेकांना जोडणारा, सेटिंग बदलता येणारा डबा) जोडीला घेतला, तर त्या एकाच पोर्टवर दोन काय, चार नेटवर्क व्यवस्थित चालतात.

एक गोष्ट मात्र आधीच मनात पक्की ठेवा. या मांडणीत तुमचं घर आणि बाहेरचं जग यांच्यामधली भिंत पीसीत नसते, ती स्विचच्या सेटिंगमध्ये असते. पीसीवरचे फायरवॉलचे नियम कितीही चोख लिहा, स्विचमधला एक आकडा चुकला की ट्रॅफिक पीसीला वळसा घालून थेट घरात येऊ शकतो. म्हणून या लेखात स्विचवर आणि तपासणीवर जास्त वेळ घालवणार आहे.

हा खटाटोप कशासाठी

ऑपरेटरने दिलेल्या डब्यातही फायरवॉल असतो, मग वेगळा कशाला? घरातल्या उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवता यावं म्हणून. स्मार्ट टीव्ही, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, वायफायचा बल्ब या वस्तूंना नवीन सॉफ्टवेअर क्वचितच मिळतं, आणि त्या तुमच्या लॅपटॉपच्याच नेटवर्कवर बसलेल्या असतात. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने अशीच उपकरणं पकडली, त्यांत डीव्हीआर आणि आयपी कॅमेरे मोठ्या संख्येने होते. आत शिरायला त्याला फार हुशारी लागली नाही. कंपनीने दिलेले ठरावीक पासवर्ड तो टेलनेटवर (दुरून उपकरणात शिरायची जुनी सोय) एकामागून एक लावून बघायचा. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी पकडलेल्या उपकरणांच्या याच फौजेने डाइन (Dyn) या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणाऱ्या) कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट यांसारख्या सेवा अनेक तास अडखळत राहिल्या. आपल्याकडे आजही कित्येक डीव्हीआर बसवणाऱ्याने ठेवलेल्या पासवर्डवरच चालू आहेत. त्यांना लॅपटॉपपासून वेगळ्या नेटवर्कवर ठेवणं हे या सगळ्या कामाचं खरं फळ आहे.

काय काय लागेल

पीसी: चौथ्या पिढीचा आय३ किंवा त्यापुढचा, ४ जीबी रॅम आणि लहानशी एसएसडी असेल तर भरपूर झालं. जुना मोठा डेस्कटॉपही चालेल, पण विजेचा हिशोब करा. ५० वॉट सतत खाणारा डेस्कटॉप महिन्याला ३६ युनिट घेतो, १० वॉटचा छोटा पीसी सात-सव्वासात. राउटर रात्रंदिवस चालू राहणार, तेव्हा फुकट मिळालेला डेस्कटॉप काही वर्षांत छोट्या पीसीपेक्षा महाग पडू शकतो.

स्विच: बाकी कुठेही काटकसर करा, इथे '८०२.१क्यू व्हीलॅन' लिहिलेलाच घ्या. व्हीलॅन म्हणजे एकाच तारेवर क्रमांकाचा टॅग लावून वेगळं ठेवलेलं नेटवर्क. टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०५ई किंवा नेटगिअरचा जीएस३०५ई या जातीचा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच पुरतो. साधा, सेटिंग नसलेला स्विच वापरून दोन वेगळ्या रेंजचे आयपी देऊन काम भागवण्याचा सल्लाही दिला जातो. तो मुळीच ऐकू नका. तारेवर सगळे एकत्रच असतात, नुसते पत्ते वेगळे केल्याने कुणी वेगळं होत नाही.

याशिवाय घरात पडलेले एक-दोन जुने वायफाय राउटर, तीन-चार केबल आणि पहिल्या दिवसापुरता एक मॉनिटर आणि कीबोर्ड. कीबोर्ड-मॉनिटर टाळू नका, पुढे एका टप्प्यावर तेच वाचवतात.

तुमच्याकडे आधीच ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत सॉफ्टवेअर) चालणारा चांगला राउटर असेल तर यातलं जवळजवळ सगळं त्याच्यावरच होतं. त्याच्या आत स्विच असतोच. मग पीसीच्या भानगडीत पडू नका.

वेग किती मिळेल

एकाच पोर्टमधून आत-बाहेर दोन्ही, म्हणजे वेग निम्मा होणार, ही भीती अर्धवट खरी आहे. गिगाबिट पोर्टला येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी असते, दोन्हींना प्रत्येकी १ गिगाबिट. तुम्ही ३०० एमबीपीएसने डाउनलोड करता तेव्हा तो डेटा बाहेरच्या व्हीलॅनमधून पीसीत येतो आणि घरच्या व्हीलॅनमध्ये निघतो. येण्याच्या वाटेवर ३०० आणि जाण्याच्या वाटेवर ३००. त्याच वेळी १०० ने अपलोड चालू असेल तर दोन्ही वाटांवर आणखी १००. थोडक्यात, डाउनलोड आणि अपलोड यांची बेरीज साधारण ९४० च्या आत असेपर्यंत काही अडत नाही. १००, २०० किंवा ३०० एमबीपीएसच्या प्लॅनला ही मांडणी जाणवतसुद्धा नाही. १ जीबीपीएसचा प्लॅन दोन्ही दिशांनी पूर्ण वापरणाऱ्यांनी मात्र दोन पोर्टचा पीसी घ्यावा.

आधी कागदावर

स्विचला हात लावण्यापूर्वी हा तक्ता कागदावर लिहून स्विचच्या पाठीला चिकटवा. सहा महिन्यांनी काही बिघडलं की तोच कामाला येतो. टॅग्ड म्हणजे पॅकेटवर (डेटाच्या तुकड्यावर) व्हीलॅनचा क्रमांक लावलेला, अनटॅग्ड म्हणजे न लावलेला.

व्हीलॅन १०: बाहेरचं नेट.
व्हीलॅन २०: घर. पत्ते १९२.१६८.५०.x, राउटर १९२.१६८.५०.१.
व्हीलॅन ३०: टीव्ही, डीव्हीआर आणि तत्सम उपकरणं. पत्ते १९२.१६८.६०.x, राउटर १९२.१६८.६०.१.

पोर्ट १: पीसी. १०, २० आणि ३० तिन्ही टॅग्ड.
पोर्ट २: ऑपरेटरचा ओएनटी (फायबरचा डबा) किंवा केबल. फक्त १०, अनटॅग्ड.
पोर्ट ३: घरच्या वायफायचा जुना राउटर. फक्त २०, अनटॅग्ड.
पोर्ट ४: लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. फक्त २०, अनटॅग्ड.
पोर्ट ५: उपकरणांसाठी दुसरा जुना राउटर. फक्त ३०, अनटॅग्ड.

घरासाठी ५० आणि ६० ची रेंज मुद्दाम घेतली आहे. ऑपरेटरच्या डब्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो, जिओचा १९२.१६८.२९.१. आतली आणि बाहेरची रेंज एकच आली की राउटरला पॅकेट कुठे पाठवायचं ते कळत नाही, आणि हा घोळ शोधण्यात सगळी संध्याकाळ जाते.

पीसीवर ओपनडब्ल्यूआरटी

ओपीएनसेन्स हे असंच दुसरं सॉफ्टवेअरही उत्तम आहे, पण ते फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतं आणि रिअलटेकच्या नेटवर्क चिपशी त्याचं नेहमीच जमतं असं नाही. हाताशी जे मशीन आहे त्यावर काम करायचं असेल तर लिनक्सवरचं ओपनडब्ल्यूआरटी जास्त सोशिक आहे. इंटेल आणि रिअलटेक दोन्हींचे ड्रायव्हर त्याच्या ६४ बिट एक्स८६ इमेजमध्ये (डिस्कवर लिहायच्या तयार फाइलमध्ये) आधीपासून असतात.

इमेज घेताना 'स्क्वॉशएफएस कम्बाइन्ड ईएफआय' हीच निवडा. एक्स्ट४ ची इमेजही चालते, पण तिच्यात फॅक्टरी रिसेट करता येत नाही, आणि शिकताना तो लागतोच. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करा. त्याच फेरीत वीज गेल्यानंतर काय करायचं त्याची सेटिंग शोधून 'पॉवर ऑन' करून ठेवा, नाहीतर लोडशेडिंगनंतर वीज येईल, नेट येणार नाही, आणि तुम्ही गावाला असाल तर घरच्यांना फोनवरून बटण शोधायला सांगावं लागेल.

पीसी लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून सुरू करून इमेज आतल्या डिस्कवर लिहा. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, तेव्हा डिस्कचं नाव दोनदा वाचा. पेनड्राइव्ह काढून पीसी पुन्हा सुरू करा आणि लॅपटॉप केबलने थेट पीसीला जोडा, स्विच अजून मधे आणू नका. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा. पासवर्ड नसतो, तो आधी ठेवा.

पीसीवर व्हीलॅन

इथे लोक स्वतःलाच बाहेर कोंडून घेतात, म्हणून सावकाश.

'नेटवर्क' मधल्या 'इंटरफेसेस' मध्ये 'डिव्हाइसेस' टॅबवर जा. नवीन डिव्हाइस, प्रकार 'व्हीलॅन ८०२.१क्यू', मूळ डिव्हाइस ईटीएच०, क्रमांक १०. असंच २० आणि ३० साठी. आता ईटीएच०.१०, ईटीएच०.२० आणि ईटीएच०.३० अशी तीन नावं दिसतील. मग 'बीआर-लॅन' नावाच्या ब्रिजमध्ये ईटीएच० ची खूण काढून ईटीएच०.२० ची लावा आणि लॅनचा (घरच्या नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.५०.१ करा.

याच वेळी आणखी एक इंटरफेस बनवा, नाव 'बचाव' (अशी सगळी नावं इंग्रजी अक्षरांत लिहा), डिव्हाइस नुसता ईटीएच०, स्थिर पत्ता १९२.१६८.९९.१, फायरवॉल झोन (एकच नियम लागणारा गट) लॅन. स्विचमध्ये काहीही गोंधळ झाला तरी लॅपटॉप थेट पीसीला लावून, त्याला हाताने १९२.१६८.९९.२ पत्ता दिला की या दाराने आत येता येतं.

आता साधं 'सेव्ह अँड अप्लाय' दाबलंत तर बदल होईल, ब्राउझरला राउटर जुन्या पत्त्यावर सापडणार नाही आणि ९० सेकंदांनी सगळं आपोआप मागे फिरेल. ही सोय चांगल्यासाठीच आहे, पण या एका वेळी ती आड येते. त्या बटणाच्या बाजूच्या बाणातून 'अप्लाय अनचेक्ड' निवडा. मग 'बचाव'च्या पत्त्याने पुन्हा आत या. तेही जमलं नाही तर कीबोर्ड आणि मॉनिटर जोडलेले आहेतच.

एका पोर्टच्या मशीनवर 'वॅन' (बाहेरच्या नेटचा) इंटरफेस आपोआप बनत नाही, तो तुम्हीच बनवायचा. नाव 'वॅन' हेच ठेवा आणि तो वॅन झोनमध्ये बसला आहे ना ते बघा. डिव्हाइस ईटीएच०.१०. ऑपरेटर यूजरनेम-पासवर्ड देत असेल तर प्रोटोकॉल पीपीपीओई, नाहीतर डीएचसीपी, म्हणजे पत्ता आपोआप देण्या-घेण्याची पद्धत. गल्लीतला केबल ऑपरेटर बऱ्याचदा जुन्या राउटरचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) बांधून ठेवतो. तसं असेल तर तो पत्ता ईटीएच०.१० च्या मॅकमध्ये लिहा, किंवा त्याला फोन करून नवा नोंदवायला सांगा.

शेवटी 'उपकरणे' नावाचा इंटरफेस बनवा, डिव्हाइस ईटीएच०.३०, पत्ता १९२.१६८.६०.१, आणि त्याचा डीएचसीपी सर्व्हर चालू करा.

स्विच

स्विचच्या पानावर जाऊन आधी पासवर्ड बदला. मग स्विचला स्वतःला स्थिर पत्ता द्या, समजा १९२.१६८.५०.२, आणि त्याचं डीएचसीपी बंद करा. स्वस्त स्विचमधल्या अनेकांचं सेटिंगचं पान कुठल्याही व्हीलॅनमधून उघडतं, आणि डीएचसीपी चालू असेल तर स्विच स्वतःसाठी बाहेरच्या बाजूने पत्ता घेऊ शकतो. हे तुम्हाला नको आहे.

८०२.१क्यू व्हीलॅन चालू करून १०, २० आणि ३० वरच्या तक्त्याप्रमाणे भरा. इथवर सगळे येतात, आणि इथेच थांबतात. पण या स्विचमध्ये दोन वेगळी पानं असतात. व्हीलॅनच्या पानावर ठरतं की कुठलं पॅकेट कुठल्या पोर्टमधून बाहेर पडू शकतं, टॅगसह की टॅगशिवाय. टॅग नसलेलं पॅकेट पोर्टमधून आत आलं की ते कुठल्या व्हीलॅनचं मानायचं, हे पीव्हीआयडीच्या पानावर ठरतं. दुसरं पान भरलं नाही तर सगळ्या पोर्टचा पीव्हीआयडी १ राहतो, म्हणजे ओएनटीकडून आलेलं पॅकेट व्हीलॅन १ मध्ये जातं, आणि व्हीलॅन १ चे सदस्य सुरुवातीला सगळेच पोर्ट असतात. बाहेरचं नेट सरळ घरात.

तेव्हा पोर्ट २ चा पीव्हीआयडी १०, पोर्ट ३ आणि ४ चा २०, पोर्ट ५ चा ३०. त्यानंतर व्हीलॅन १ मधून २ ते ५ हे चारही पोर्ट काढून टाका. पोर्ट १ तेवढा राहू द्या.

आणखी एक. बऱ्याच स्विचमध्ये 'अप्लाय' दाबल्याने फक्त चालू सेटिंग बदलतं. कायमचं जपायला 'सेव्ह कॉन्फिग' वेगळं दाबावं लागतं. ते विसरलं तर वीज जाऊन आल्यावर स्विच कोरा होतो, आणि कोऱ्या स्विचला भिंत माहीतच नसते. सेव्ह करा, प्लग काढून परत लावा, तक्ता जागेवर आहे ना ते डोळ्यांनी बघा. सेटिंगची फाइलही लॅपटॉपवर उतरवून ठेवा.

ऑपरेटरचा डबा

ओएनटी ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटरचं काम न करता डेटा नुसता पुढे देणारा) टाकता आला तर उत्तम, पीपीपीओई मग तुमचा पीसी करेल. कस्टमर केअरला सांगून कधी होतं, कधी होत नाही. होत नसेल तर डोकेफोड करू नका. डबा आहे तसा ठेवा, त्याच्या डीएमझेडमध्ये (बाहेरून येणारं सगळं कुणाकडे पाठवायचं ती सेटिंग) तुमच्या पीसीचा वॅन पत्ता टाका आणि वॅनचा प्रोटोकॉल डीएचसीपी ठेवा. नॅट (अनेक उपकरणांना एकाच पत्त्यामागे बसवणं) दोनदा होईल, रोजच्या वापरात काही जाणवणार नाही.

दोन्ही प्रकारांत त्या डब्याचं वायफाय बंद करा. घरातल्या कुणाच्या तरी मोबाइलमध्ये जुना पासवर्ड असतोच, तो फोन गुपचूप त्याच वायफायला जोडला जातो आणि तुमच्या फायरवॉलच्या बाहेर राहतो.

जुने राउटर वायफायसाठी

जुन्या राउटरचं डीएचसीपी बंद करा, त्याला १९२.१६८.५०.३ असा मोकळा पत्ता द्या, आणि स्विचची केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये लावा. वॅन पोर्टमध्ये लावली तर त्याच्या आत तिसरं नेटवर्क तयार होतं. उपकरणांच्या राउटरलाही तसंच, पत्ता ६० च्या रेंजमधला. त्याचे उरलेले लॅन पोर्ट आता व्हीलॅन ३० चेच झाले, टीव्ही आणि डीव्हीआरच्या केबल तिथे लावा. पाच पोर्टचा स्विच अशा रीतीने पुरतो.

जुन्या राउटरमधलं 'गेस्ट वायफाय' यासाठी भरवशाचं नाही. राउटर अशा साध्या कामावर लावला की बहुतेकांत ते वेगळेपण टिकत नाही.

फायरवॉलचे नियम

लॅन आणि वॅन झोनचे मूळ नियम नीट आहेत, त्यांना हात लावू नका. 'उपकरणे' इंटरफेससाठी त्याच नावाचा नवा झोन करा: इनपुट रिजेक्ट, आउटपुट अ‍ॅक्सेप्ट, फॉरवर्ड रिजेक्ट, आणि पुढे जायला परवानगी फक्त वॅनकडे. लॅन झोनमधून 'उपकरणे'कडे जायला परवानगी द्या, म्हणजे लॅपटॉपवरून डीव्हीआर बघता येईल. उलट दिशेला काहीच देऊ नका.

एवढं करून टीव्हीला पत्ताच मिळत नाही, असं होतं. इनपुट रिजेक्ट केल्यामुळे उपकरणांना राउटरशीच बोलता येत नाही, आणि पत्ता व नावं राउटरच देतो. 'ट्रॅफिक रूल्स'मध्ये 'उपकरणे' झोनमधून राउटरकडे दोन नियम जोडा: डीएचसीपीसाठी यूडीपी ६७, आणि डीएनएससाठी टीसीपी व यूडीपी ५३. बाकी काही नको.

फोनवरून टीव्हीवर कास्ट करणं यामुळे अडू शकतं, कारण फोन टीव्हीला आपल्याच नेटवर्कवर शोधतो. कास्टिंग रोज लागत असेल तर टीव्ही व्हीलॅन २० मध्ये आणा आणि डीव्हीआर-कॅमेरे तेवढे ३० मध्ये ठेवा. घरच्यांची रोजची सोय मोडून बसवलेली सुरक्षा महिनाभरही टिकत नाही.

डीव्हीआरला बाहेर जाण्याचीच गरज नसेल तर त्याच्या पत्त्यासाठी वॅनकडे रिजेक्टचा नियम लावा. बाहेरून कॅमेरे बघायचे असतील तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट उपकरणापर्यंत दार उघडणं) करू नका, वायरगार्ड हे व्हीपीएन बसवा आणि यूडीपी ५१८२० एवढाच उघडा. वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ च्या मधला दिसला तर तुम्ही ऑपरेटरच्या सामाईक नॅटच्या मागे आहात. मग बाहेरून जोडणी येणार नाही. स्थिर आयपी विकत घ्यावा लागेल किंवा टेलस्केलसारखी व्हीपीएनची सोय वापरावी लागेल.

आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर लक्षात घ्या, तिथे नॅट नसतो, प्रत्येक उपकरणाला जगाचा पत्ता मिळतो आणि फक्त फायरवॉलच त्याला झाकतो. ओपनडब्ल्यूआरटीचे मूळ नियम आत येणारं अडवतात. 'चालत नाही म्हणून' ते सैल करण्याचा मोह टाळा.

तपासणी

पहिली परीक्षा सगळ्यात महत्त्वाची: पीसी पूर्ण बंद करा, स्विच आणि ओएनटी चालू ठेवा. लॅपटॉपचं वायफाय बंद करून तो पोर्ट ४ ला लावा. त्याला कुठलाही पत्ता मिळता कामा नये. विंडोजमध्ये १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला म्हणजे पत्ता देणारं कुणी भेटलं नाही, सगळं ठीक आहे. १९२.१६८.२९.x किंवा ऑपरेटरच्या रेंजमधला दुसरा एखादा पत्ता मिळाला तर भिंतीला भोक आहे, बहुधा पीव्हीआयडी किंवा व्हीलॅन १ मध्ये. पोर्ट ३ आणि ५ वरही हेच करा. ओएनटी ब्रिज मोडमध्ये असेल तर तो पत्ता देतच नाही. तेव्हा त्याच्या जागी पोर्ट २ ला डीएचसीपी चालू असलेला एखादा जुना राउटर तात्पुरता लावा आणि मग बघा.

दुसरी: पीसी चालू करा, लॅपटॉप पोर्ट ५ वर लावा. नेट चालायला हवं, पण १९२.१६८.५०.२ ला पिंग जाता कामा नये आणि १९२.१६८.६०.१ वर राउटरचं पान उघडता कामा नये.

तिसरी: मोबाइल डेटावरून तुमच्या सार्वजनिक आयपीवर एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) चालवा. ओएनटी ब्रिजमध्ये नसेल किंवा सामाईक नॅट असेल तर या परीक्षेत ऑपरेटरचंच उपकरण उत्तर देतं, तेव्हा तिच्यावर फार विसंबू नका.

भार आला की नेट मधेच गोठतं आणि सिस्टीम लॉगमध्ये 'हार्डवेअर युनिट हँग' दिसतं, ही इंटेलच्या काही चिपची जुनी खोड आहे. ईथटूल पॅकेज टाकून टीएसओ आणि जीएसओ (मोठा डेटा पॅकेटमध्ये तोडण्याच्या सोयी) बंद केलं की बहुधा थांबतं. मोठं डाउनलोड चालू असताना व्हिडिओ कॉल तुटत असेल तर एसक्यूएम (डेटाची रांग सांभाळणारं पॅकेज) टाका, त्यात 'केक' हा प्रकार निवडा आणि वेग प्लॅनच्या साधारण ९० टक्के लिहा.

हे सगळं चाललं की 'सिस्टीम' मधून बॅकअप उतरवा आणि स्विचच्या फाइलशेजारी ठेवा. पीसी, स्विच आणि ओएनटी हे तिघे एकाच इन्व्हर्टरवर घ्या, कारण यातला एक जरी बंद पडला तरी नेट जातं. दर वेळी ओपनडब्ल्यूआरटी नवं टाकल्यावर किंवा स्विचला हात लावल्यावर पीसी बंद करून घ्यायची ती पहिली परीक्षा पुन्हा घ्या.